नवव्या पानावरचा कोंबडीचा पाय

ट्रेलॉन बे, दक्षिण ऑस्ट्रेलिया
१६ जानेवारी १९९७

कोरल,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चुलीत टाकणार असशील, तर आधी एवढं वाच की मी काही मागायला लिहीत नाहीये. आता न फोडता ते कसं वाचायचं, ते तुझं तू बघ.

काल बुधवार होता. वाचनालयाची पुस्तकगाडी नेहमीसारखी टाउन हॉलसमोरच्या पाइनखाली लागली. डेसनं दार उघडलं तेव्हा आत भट्टी झाली होती. मी एक कादंबरी उचलली, मधमाश्या पाळणाऱ्या मास्तरणीची. नाव विचारू नकोस. पुस्तकांची नावं माझ्या डोक्यात कधी राहिली, जी आता राहतील? सवयीनं सतरावं पान उघडलं. खाली माझी फुली नव्हती, म्हणजे वाचलेली नाही. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी नववं पान उघडलं.

तीन रेघा. पेन्सिलीनं काढलेला कोंबडीचा पाय.

मी गाडीच्या पायरीवरच बसले. डेस म्हणाला, "ऊन लागलं का, ग्लेनिस? पाणी देऊ?" मी म्हटलं, "ऊन कसलं रे! साठ वर्षं या उन्हात काढली." पण पाणी प्यायले.

वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा आणायचं नाही म्हणून आईनं आपल्याला ही खूण लावून दिली, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. ज्याची त्याची जन्मतारीख, ते त्याचं पान. आईचं एकतीस, आकड्याखाली टिंब. माझं सतरा, तुझं नऊ. पुढे सगळ्या गावानं तेच उचललं. शेजारची ऊना पेनरोझ तर अजून बाराव्या पानावर भला मोठा गोल काढते, आणि डेस खोडरबर घेऊन तिच्या नावानं खडे फोडतो. माझ्याकडे येते तीच गाडी दुसऱ्या दिवशी द्वीपकल्पाच्या तुमच्या बाजूला जाते, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सहा वर्षं मी नववं पान उघडलं नव्हतं.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी यंदाही व्हरांड्यात थंड हॅम घेऊन बसले. रेडिओवर मेलबर्नची मॅच लावली. बाबा असते तर प्रत्येक विकेटला "गप्प बसा गं बायांनो" म्हणाले असते. पण पुस्तकांवरून भांडायला कोण होतं? तू पाच कादंबऱ्या सांगणार, मी पाच सांगणार, आणि आई दोघींच्या दहातून वर्षाच्या पाच निवडून कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिणार. १९५८ पासूनच्या याद्या आहेत त्या दारावर. १९९० नंतर दार कोरं आहे.

म्हणून ठरवलंय की या वर्षी पाच काढायच्या. तू वाचलेल्यातूनच.

आई गेली त्या शनिवारचं मी उगाळणार नाही. फोन बंद होता, तो होताच. तू वाचत होतीस त्या बोटीवाल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी आईला वाचून दाखवलं, कारण कुणीतरी दाखवायला हवंच होतं. त्यावर मला आणखी काही बोलायचं नाही.

ग्लेनिस हॉस्किंग

२७ फेब्रुवारी

कोरल,

उत्तर आलं नाही, येईल असं मला वाटलंही नव्हतं. टपालवाला मात्र मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो, मेला.

मधमाश्यावाली छान आहे. पहिल्या पाचात घालते. तिसऱ्या भागात ती मास्तरीण नको इतकी रडते, पण शेवट बरा आहे. शेवट मी आधीच वाचला होता, हे तुला सांगायला नकोच.

काल तुझ्या खुणेची दुसरी मिळाली. बर्फाच्या कुठल्या तरी देशातली, टपाल वाटणाऱ्या बाईची. बाहेर त्रेचाळीस डिग्री, कोंबड्या चोची वासून पडलेल्या, आणि मी टबात पाय बुडवून बर्फातून चालतेय. त्या बाया नुसत्या चालतात आणि सूप पितात. तरी ठेवता येत नाही खाली. तुला आवडली असणारच. तुझी खूण जोरात उमटली आहे, मागच्या पानापर्यंत वळ आलाय. नावडलेल्या पुस्तकावर तू अर्धवट खरडतेस, हे मी सांगायला हवं का?

वाचताना एकदम आठवलं. आपल्या दोघींत एकच पुस्तक असायचं आणि ते घेऊन आपण पलंगाखाली शिरायचो, कारण खालची फरशी गार. मी माझी पानं कधीच संपवून बोटं मोडत बसायचे आणि तू अजून डाव्या पानावर! मी म्हणायचे, "कोरी, गोगलगाय पुढे गेली बघ." तू म्हणायचीस, "तुला गोष्ट संपवायची असते, मला वाचायची असते." नऊ वर्षांच्या पोरीनं असं बोलावं!

आणि ती खळ! माझ्या वाढदिवसाच्या पुस्तकाचा शेवट मी आधी वाचू नये म्हणून तू शेवटची बारा पानं मैद्याच्या खळीनं चिकटवून टाकलीस. मी थयथयाट केला. आई हसून हसून ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "बरं झालं, ग्लेनला कुणीतरी थांबवणारं हवंच." ते पुस्तक मी शेवटी किटलीच्या वाफेवर धरून उघडलं होतं. तुला आजवर सांगितलं नव्हतं.

ग्लेनिस

५ जून

कोरल,

एक युक्ती केली आहे, आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मग ती युक्ती कसली म्हणा.

आतापर्यंत तू पुढे आणि मी मागे असं चाललं होतं. तुझे कोंबडीचे पाय शोधत मी अकरा कादंबऱ्या वाचल्या. तीन चुलत्यांची ती सहाशे पानी मेंढ्यांची कादंबरीसुद्धा वाचली. त्यात एकूण एक माणूस मरतं, मेंढ्या तेवढ्या उरतात. ती तू कशी संपवलीस गं? तुझी खूण अगदीच फिकी होती, म्हणजे संपवलीस ती जिद्दीनं.

पण या खुणेचा घोळ असा की तुझी मला दिसते आणि माझी तुला दिसत नाही. वाचून झालेलं पुस्तक तू परत कशाला उघडशील? म्हणून एप्रिलपासून मी डेसच्या मागे लागून नवी कोरी पुस्तकं आधी नेते, वाचते, सतराव्यावर फुली मारते आणि परत देते. दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे येतात. चार पाठवली आहेत. त्यातली विहिरीवरच्या दोन भावांची आहे ना, ती तर मी तुझ्यासाठीच निवडली. त्यातली आंधळी आत्या वाचताना तुझा आवाजच ऐकू येत होता. पात्रांचे आवाज तू काढायचीस तसे कुणीच काढत नाही.

फुली बघशील तेव्हा समजून जा.

ग्लेनिस

१७ जुलै

कोरल,

बरं. समजलं.

चारही पुस्तकं परत आली. मी गाडीत उभी राहून एकेकाचं नववं पान उघडलं. कोरं, कोरं, कोरं, कोरं. म्हणजे मी शिवलेलं पुस्तकसुद्धा तुला चालत नाही. माझी फुली दिसली की पुस्तक मिटायचं आणि फळीवर ठेवायचं. काय पण मानी आहेस! मी काय कुष्ठरोगी आहे?

मीसुद्धा बाबांचीच मुलगी आहे. आता मी नववं पान उघडणार नाही, पत्रही लिहिणार नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं माणसानं?

थंडीनं गुडघे धरलेत. खाडीवरून सारखा वारा. हे तुला सांगायचं काही कारण नाही.

ग्लेनिस

२८ ऑगस्ट

कोरल,

लिहिणार नाही म्हटलं होतं. झालं लिहून.

काल मी डेसला विचारलं की माझी बहीण आजारी-बिजारी आहे का. तो एकदम ताठ झाला. "कोण काय नेतं ते मी सांगत नाही, ग्लेनिस. वाचकाचं गुपित. डॉक्टरसारखं असतं आमचं." मी म्हटलं, "डॉक्टर म्हणे! डॉक्टर बरा, तो निदान अंगणात चहा तरी घेतो माझ्याकडे." मग मी त्याला आल्याच्या केकचा मोठा तुकडा दिला. केक खाताना गुपितं जरा सैल होतात.

तो म्हणाला, "मी नाव घेणार नाही. पण ती विहिरीवाली कादंबरी एका बाईनं दोनदा नेली. लागोपाठ. परत आली तेव्हा मधल्या पानांत बार्लीचं कुसळ होतं आणि एकशे बाराव्या पानावर चहाचा डाग. न वाचलेलं पुस्तक मला हातात घेताच कळतं. हे न वाचलेलं नव्हतं."

म्हणजे तू वाचतेस. चारही वाचलीस. फक्त खूण करत नाहीस, कारण माझ्या फुलीनंतर खूण केली तर ते मला उत्तर दिल्यासारखं होईल.

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि तो प्यायचा विसरले. तू रागावली आहेस तेवढंच असतं तर तू विहिरीवाली दोनदा वाचली नसतीस. तू थांबली आहेस. कशासाठी ते मला पक्कं ठाऊक आहे. सगळं आज जमणार नाही. अर्धं सांगते.

त्या शनिवारी फोन बंद नव्हता.

चोवीस वर्षं मी टपालकचेरीत टेलिफोन एक्स्चेंजवर बसले. अख्ख्या गावाचे जन्म, मरणं, लग्नं माझ्या कानातून गेली. आणि स्वतःच्या बहिणीला एक फोन लावला नाही. शुक्रवारी दुपारी डॉक्टर म्हणाले होते, "कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा." मी "हो" म्हटलं आणि जाऊन चादरी बदलल्या. आई शनिवारी पहाटे साडेपाचला गेली. त्यानंतरही फोन लावला नाही.

अकरा वाजता तू आलीस. फाटकापाशी उभी राहून नेहमीप्रमाणे बोटीवालीतल्या कप्तानाच्या आवाजात ओरडलीस, "बोट लागली होऽऽ!" हातात खिमा-बटाटा भरलेल्या गरम पास्ट्यांचं ताट, कोपऱ्यांवर तिघींची अक्षरं सुरीनं कोरलेली, आईच्या पास्टीत सलगम कमी. मी दारात येऊन सांगितलं, आणि सांगितल्या सांगितल्या म्हटलं, "फोन बंद होता, कोरी." तू ताट खाली ठेवलंस, आत गेलीस, घरी नवऱ्याला, क्लेमला कळवायला फोन उचललास. मी स्वयंपाकघरात होते. रिसीव्हरमधली घरघर मला तिथवर ऐकू आली. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस आणि नंबर फिरवलास.

तीन पास्ट्या ताटात तशाच राहिल्या. संध्याकाळी मी त्या कोंबड्यांना घातल्या.

ग्लेनिस

२० नोव्हेंबर

कोरी,

आज सांगून टाकते. सांगितलं नाही तर मी हे घेऊन मरेन, आणि इतकं ओझं घेऊन मरायला माझे गुडघे धड नाहीत.

काल डेसनं गाडीतली जुनी पुस्तकं एका खोक्यात काढली होती. पाच वर्षं कुणी नेलं नाही की पुस्तक बाद होतं, वर "रद्द" असा शिक्का बसतो. खोक्यात सगळ्यात खाली हिरव्या पाठीची बोटीवाली होती. मी बघताच ओळखली. शेवटची तारीख आपलीच, मे १९९१.

मी उभ्या उभ्या एकतिसावं पान उघडलं. आईचं टिंब नाही. नववं उघडलं, तुझा कोंबडीचा पाय नाही. सतराव्यावर माझी फुली नाही.

आता ऐक. दर शनिवारी तू येऊन आईला एक प्रकरण वाचून दाखवायचीस. मधल्या सहा दिवसांत तिला गिळवायचं, पुसायचं, कूस बदलायची, ते माझं. ती दिवसभर शून्यात बघायची आणि शनिवारी सकाळी मला म्हणायची, "ग्लेन, केस विंचर गं, कोरल येईल." वाफेच्या बोटीवर स्वयंपाक करणारी ती बाई, तिचा रुसून गेलेला मुलगा, आणि त्याच्या गावाला बोट कधीच न थांबवणारा तो कप्तान, यांच्यावर ती जगत होती. तू कप्तानाचा आवाज काकाकुव्यासारखा काढायचीस आणि आई हसायची. माझ्यासाठी ती तशी कधी हसली नाही. मला जळफळाट व्हायचा, कोरी. तुला क्लेम होता, मुलं होती, शेत होतं. माझ्याकडे फक्त आई होती, आणि तीही शनिवारची तुझी.

शुक्रवारी डॉक्टर गेल्यावर मी बोटीवाली हातात घेतली. एकच प्रकरण उरलं होतं. बोट त्या मुलाच्या गावाजवळ येते, तिथलं. म्हटलं, हे तरी मी वाचीन. खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. जोर नव्हता, नुसता ठेवला. म्हणाली, "शनिवारी. आवाज कोरल काढते."

मी पुस्तक मिटलं. तिनं डोळे मिटले. त्यानंतर ती बोलली नाही.

आणि शनिवारी तू, माझं खोटं कळल्यावरही, मला एवढंच विचारलंस, "पुस्तकाचं काय झालं? तिनं मला विचारलं का?" आणि मी म्हटलं, "मी शेवटपर्यंत वाचून दाखवलं तिला. तिनं तुझं नाव काढलं नाही."

नाव काढलं होतं, कोरी. तिच्या शेवटच्या वाक्यात तेच होतं. ती तुझी वाट बघत होती आणि ते मी तुझ्यापासून सहा वर्षं चोरून ठेवलं. आईला तो शेवट कुणीच वाचून दाखवला नाही. मीही वाचला नाही. मी, जी कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडते, तिनं या एका पुस्तकाचा शेवट आजपर्यंत बघितलेला नाही. माझी छातीच होत नाही.

डेसला म्हटलं, हे पुस्तक उद्या तिकडे पोचव. तो म्हणाला, "मी काय टपालखातं आहे?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं ते स्वतःच्या सीटवर ठेवलं.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते मागायची माझी पायरी नाही. पण आईनं तुझं नाव घेतलं होतं, ते तुझं आहे, ते तुला परत करतेय.

ग्लेनिस

१२ डिसेंबर

कोरी,

गाडी गेल्या बुधवारी आली. पुस्तक आलं नाही. मी डेसकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं खेकड्यांबद्दल बोललो.

आज सकाळी ऊना पेनरोझ कुंपणावरून अर्धी आत आली. तोंडावर बातमी नुसती उतू जात होती. "अगं ग्लेनिस, काल तुझी बहीण आली होती का?" मी म्हटलं, नाही. "मग तिला काहीतरी झालंय गं! मी नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवायला गेले होते. ही तिकडे, तुझ्या आईच्या कबरीशी, घडीची खुर्ची टाकून बसलेली. डोक्यावर हॅट, हातात पुस्तक, आणि पुरुषी आवाजात ओरडतेय! मग बायकी आवाजात. मग घोगऱ्या आवाजात. झाडावरचे गाला पक्षी घाबरून उडाले. मी म्हटलं, हिला ऊन लागलं, नाहीतर भूत."

मी म्हटलं, "तिला काही झालेलं नाही. ती वाचतेय."

"कुणाला?"

"आमच्या आईला."



कबरस्तानापासून माझं घर चालत पाच मिनिटं आहे. तू आलीस, वाचलंस आणि गेलीस. इकडे वळली नाहीस. मला लागलं. खोटं कशाला बोलू, खूप लागलं. पण नंतर कांदे चिरता चिरता वाटलं, आईचा शनिवार तुला मिळाला. त्यात मला कशाला बोलावशील? तो एक दिवस तुम्हा दोघींचाच असायला हवा होता.

कोठीच्या दारावर मी १९९७ लिहिलं आहे. खाली मधमाश्यावाली, बर्फातली टपालवाली, विहिरीवरचे दोन भाऊ, आणि ती पाद्र्याच्या खुनाची. खुनी कोण ते चाळिसाव्या पानावर कळतं, तरी मजा आली. अक्षर आईसारखं नाही येत माझं, तिरकं जातं. पाचवी जागा मोकळी आहे.

ग्लेन

१७ डिसेंबर

कोरी,

आज पुस्तक आलं.

डेस गाडीतून खाली उतरला, कधी उतरत नाही तो, आणि माझ्या हातात ते ठेवून म्हणाला, "वाचनालयाच्या पुस्तकाचं हे काय करून ठेवलंय तुम्ही बहिणींनी! बरं झालं आधीच बाद केलंय, नाहीतर दंड लावला असता." मग टोपी काढून परत घातली आणि आत जाऊन उगाच फळ्या लावत बसला.

मी तिथेच पाइनखाली बाकावर बसले. एकतिसावं पान उघडलं. आकड्याखाली टिंब. आई काढायची तसंच, जरा दाबून. मी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचलू शकले नाही. तिनं ऐकलं, कोरी. सहा वर्षांनी का होईना, तिनं तुझ्या आवाजात ऐकलं.

नवव्यावर कोंबडीचा पाय. मागच्या पानापर्यंत वळ आलाय.

सतरावं सगळ्यात शेवटी उघडलं. फुली माझी मीच मारायची, त्यामुळे तिथे काही नसणार हे ठाऊक होतं. पण तिथे पेन्सिलीनं एक शब्द होता. "शनिवारी."

मग मी काय केलं असेन, सांग? बरोबर. लगेच मागे गेले, शेवटचं प्रकरण उघडायला. सुटेना! आधी वाटलं, दमट हवेनं पानं धरली असतील. मग वास घेतला. मैदा! सगळ्या प्रकरणाला कडेनं खळ लावलीस तू, बासष्ट वर्षांच्या बाई! मी त्या बाकावर बसून मोठमोठ्यानं रडले आणि हसले, आणि समोरून ऊना चालली होती, तीही बघत राहिली. आता गावात दोन्ही हॉस्किंग बहिणी वेड्या झाल्याची बातमी फिरतेय.

किटलीच्या वाफेवर धरणार नाही. आईची शपथ.

शनिवारी पास्ट्या मी करतेय. तीन. तिसरीवर आईचं अक्षर कोरीन, सलगम कमी घालीन, आणि तुझ्या-माझ्यात अर्धी अर्धी. क्लेमला म्हणावं, दुपारचं जेवण स्वतःचं स्वतः बघ. खुर्च्या व्हरांड्यात टाकते. मी मध्ये बोलणार नाही, बोटं मोडणार नाही. बोट त्या गावाला थांबली की नाही, ते मला पत्रातून कळवू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. पाचवी जागा तिची आहे, पण ती मी ऐकून मगच लिहिणार, आणि लिहिणार तू. तुझं अक्षर आईवर गेलंय.

फाटक उघडंच असेल. पण तशीच आत येऊ नकोस. फाटकापाशी थांब आणि कप्तानाच्या आवाजात हाक मार. या वेळी मी धावत येईन.

तुझी,
ग्लेन